कोणाला किती सोसवतं?

२००१च्या सप्टेंबरमध्ये 'टॉम्स हार्डवेअर'नं एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. थॉमस पाब्स्ट या जर्मन डॉक्टरनं सुरू केलेल्या या संकेतस्थळावर संगणकाच्या सुट्या भागांची कसून परीक्षा घेतली जायची. या वेळची परीक्षा आडदांड होती. 'क्वेक थ्री' हा खेळ चालू असताना प्रोसेसरवरचा पंख्यासकटचा धातूचा ठोकळा सरळ उचलून बाजूला घ्यायचा आणि काय होतं ते पाहायचं. इंटेलचा पेंटियम फोर रखडला, पडद्यावरची चित्रं अडखळत सरकू लागली. ठोकळा परत ठेवला तसा तो पुन्हा धावू लागला. पेंटियम थ्री जागच्या जागी थिजला, पण वाचला. एएमडीच्या ॲथलॉनमधून मात्र क्षणात धूर निघाला आणि चिप कायमची गेली.

लॅपटॉप गरम झाला, पंखा घरघरू लागला, एखाद्या ॲपनं ९४ अंश दाखवले, की आजही आपल्या मनात धूरच येतो. पण ती भीती आता जुनी झाली. मधल्या वर्षांत लॅपटॉपमधल्या चिपांनी वेग उतरवून तग धरायची पेंटियम फोरची ती युक्ती आत्मसात केली आणि त्याच्याहून कितीतरी सफाईनं त्या ती वापरतात. गंमत अशी, की प्रोसेसरचे ९४ अंश पाहून धास्तावणारा माणूसच लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून गादीवर ठेवतो. तेव्हा आतली बॅटरी ४६ अंशांवर मुकाट झिजत असते आणि तिच्याकडे कोणी बघतही नाही.

लॅपटॉपचं तापमान असा एकच आकडा नसतो. चिप, तिच्या शेजारची फाइली साठवणारी एसएसडी, बॅटरी आणि तो मांडीवर घेऊन बसलेला माणूस, या चौघांची सोसायची ताकद वेगवेगळी. चिप शंभरीच्या काठावर कामं उरकते, एसएसडी सत्तरीला थकते, बॅटरीला पंचेचाळीस जड जातात आणि माणसाच्या कातडीला चव्वेचाळीसही पुरतात. समोरचा आकडा यांच्यापैकी कोणाचा, हे कळल्याशिवाय घाबरायचं की नाही ते ठरवता येत नाही.

शंभरीच्या काठावरची चिप

लॅपटॉप जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. कोट्यवधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात आणि दर उघडझापेला थोडी वीज उष्णतेत जाते. वेग वाढवला की उष्णता त्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज वाढवलं तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह १९७४ साली दाखवून दिलं, की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं तर व्होल्टेजही त्याच हिशेबानं उतरवता येतं. मग तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही चिप जास्त तापत नाही. तीसेक वर्षं हा धंदा याच हिशेबावर चालला. पुढे व्होल्टेज उतरेनासं झालं आणि हिशेब बिघडला. २००१मध्येच इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी अभियंत्यांच्या एका परिषदेत सांगितलं होतं, की असंच चालू राहिलं तर चिपच्या दर चौरस सेंटिमीटरमागची उष्णता अणुभट्टीच्या पंक्तीला जाऊन बसेल. २००४मध्ये इंटेलनं पेंटियमची पुढची आवृत्ती गुंडाळली आणि एकाच कोअरला आणखी पळवण्याऐवजी कोअरची संख्या वाढवायचा रस्ता धरला.

आज लॅपटॉपमधल्या इंटेलच्या बहुतेक चिपांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. कोअर अल्ट्रा मालिकेतल्या काहींची ११०. एएमडीच्या रायझन चिपांची साधारण ९५ ते १०५च्या दरम्यान. तापमापक चिपच्या आतच कोरलेले असतात. इंटेलच्या तापमापकाची रीत जरा उलटी आहे. आपण ७२ अंशांवर आहोत असं तो सांगत नाही. कमाल मर्यादेला अजून २८ अंश बाकी आहेत, एवढंच कळवतो. वजाबाकी करून ७२ आपल्याला दाखवायचं काम ॲपचं. त्यामुळे मर्यादेजवळचे आकडे भरवशाचे असतात आणि चिप थंड असतानाचे थोडे सैल. रिकाम्या बसलेल्या लॅपटॉपमध्ये एक कोअर ३६ आणि शेजारचा ४१ दाखवत असेल, तर त्यावर डोकं शिणवायचं कारण नाही.

आता त्या ९४ अंशांकडे येऊ. इंटेलच्या कोअर आय-५ १२३५यू या चिपचं उदाहरण घ्या. बारीक लॅपटॉपांसाठी काढलेल्या या चिपची मूळ वीजमर्यादा १५ वॅटची. पण थोडा वेळ तिला ५५ वॅटपर्यंत जायची मुभा असते. जड फाइल उघडली की ती ही मुभा घेते, काही सेकंदांत नव्वदीत पोचते, काम उरकते आणि खाली येते. हे बिघाडाचं लक्षण नव्हे, कंपनीनं असंच ठरवलेलं आहे. काम लांबलं, उष्णता साठत गेली आणि मर्यादा आलीच, तर चिप आपला वेग आणि व्होल्टेज उतरवते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्यानंही भागलं नाही, तर शेवटचा उपाय म्हणून सगळी यंत्रणा तडकाफडकी बंद पडते. लॅपटॉप काही न विचारता अचानक काळाठिक्कर पडला, तर चिपनं जीव वाचवला असण्याची शक्यता मोठी.

त्यामुळे तापलेल्या चिपची किंमत आपण मोजतो ती बहुतेकदा वेळेत. २०१८च्या जुलैमध्ये ॲपलचा कोअर आय-९ असलेला नवा मॅकबुक प्रो बाजारात आला आणि डेव्ह ली या यूट्यूबरनं त्यावर एक व्हिडिओ रेंडर करून पाहिला. बाहेर टेबलावर ३९ मिनिटं लागली. लॅपटॉप फ्रीजरमध्ये ठेवल्यावर तेच काम २७ मिनिटांत झालं. यंत्राला धक्का लागला नव्हता. पैसे मोजून घेतलेला वेग तेवढा हाती येत नव्हता. ॲपलनं काही दिवसांतच फर्मवेअरमधली त्रुटी मान्य करून सुधारणा पाठवली.

तांब्याची नळी आणि राखाडी चिंधी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दुरुस्तीच्या टेबलाशी थोडा वेळ उभं राहिलं की उष्णतेचा सगळा प्रवास उघड्यावर पाहायला मिळतो. लॅपटॉप पालथा घालतात, स्क्रू काढून ते कोणत्या भोकातले हे कळेल असे मांडून ठेवतात, कारण त्यांची लांबी सारखी नसते. मागचं झाकण प्लास्टिकच्या पट्टीनं कडेकडेनं उचकटतात आणि पहिल्यांदा बॅटरीची वायर सोडवतात. मग दिसते ती चपटी, वळणावळणाची तांब्याची नळी. एक टोक चिपवर दाबून बसवलेलं, दुसरं पंख्याजवळच्या पातळ पात्यांच्या जाळीत शिरलेलं.

ही नळी भरीव नसते. आत हवा काढून घेऊन थोडंसं पाणी ठेवलेलं असतं आणि भिंतींना तांब्याच्या भुकटीचं सच्छिद्र अस्तर. दाब कमी असल्यानं पाणी शंभराच्या पुष्कळ खालीच उकळतं. चिपकडच्या टोकाला वाफ होते, ती जाळीकडे धावते, तिथे निवून पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून झिरपत मागे येते. पंप नाही, हलणारा भाग नाही. या कल्पनेचं पेटंट जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांच्या नावावर १९४४मध्येच नोंदलं गेलं होतं. पण तिला खरा उठाव मिळाला तो १९६३मध्ये, लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी अवकाशातल्या उपयोगासाठी ती नव्यानं सिद्ध केली तेव्हा.

आता पंखा उचला. पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत बहुधा एक राखाडी पट्टी सापडते, गोधडीच्या चिंधीसारखी. कापसाचे तंतू, केस, उदबत्तीची काजळी, फोडणीचा तेलकट धूर असं सगळं दाबून दाबून तयार झालेली. चिमट्यानं धरली तर अख्खीच्या अख्खी निघते. बाहेरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण कचरा आतल्या अंगाला असतो. पंखा जीव तोडून फिरतो आणि हवा पुढे सरकत नाही. बाहेरच्या जाळीतून ब्लोअर मारून हे निघत नाही; उलट पंखा हातानं न धरता ब्लोअर मारला तर तो वेड्यासारखा फिरून त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं.

दुसरी जागा चिप आणि तांबं यांच्या मधली. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी मध्ये हवेचे सूक्ष्म कप्पे उरतातच, आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. तांब्याच्या तुलनेत दहा हजार पटींहून वाईट. ते कप्पे भरायला थर्मल पेस्ट लावतात. चिप तापते, निवते, किंचित फुगते, आकसते. या रोजच्या हालचालीत पेस्ट कडेला ढकलली जाते, उरलेली वाळून खडूसारखी होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावली आणि ती चिंधी काढली, की तीन-चार वर्षांचा लॅपटॉप बरेचदा पुन्हा माणसात येतो.

याच टेबलांवर चिप मरतानाही पाहिली गेली आहे. २००८च्या जुलैमध्ये एनव्हिडियानं जाहीर केलं, की लॅपटॉपमधल्या त्यांच्या काही ग्राफिक्स चिपा वाजवीपेक्षा जास्त निकामी होत आहेत आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागेल. दोष चिप आणि तिच्या तळाची पाटी यांना जोडणाऱ्या साहित्यात होता. तापणं आणि निवणं, पुन्हा तापणं आणि निवणं, यानं त्या बारीक जोडांना तडे जात. त्या काळात हीट गननं शेकून पडदा परत आणायचा धंदा जोरात होता. शेकलेला लॅपटॉप काही आठवडे चालायचा आणि पुन्हा बसायचा. इथून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जोडांना एकदा गाठलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा रोजची मोठी चढउतार जास्त जाचते.

बॅटरीचं मुकाट झिजणं

चिपला स्वतःचा बचाव करता येतो, बॅटरीला फारसा येत नाही. तिच्यात रसायनं आहेत, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. त्यात नको असलेल्या क्रियाही आल्या. 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या संकेतस्थळावरच्या तक्त्यानुसार, लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरून २५ अंशांत वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ८० टक्के क्षमता उरते. ४० अंशांत ठेवली तर ६५ टक्के. तीच ४० टक्के भरून ४० अंशांत ठेवली तर ८५ टक्के. म्हणजे उष्णता आणि पूर्ण भरलेलं पोट, हे दोन्ही एकत्र आले की नुकसान जास्त. चार्जरला कायम टांगलेल्या आणि गादीत रुतलेल्या लॅपटॉपची नेमकी हीच अवस्था असते.

२००६मध्ये ओसाकातल्या एका परिषदेत लॅपटॉपनं पेट घेतल्याची छायाचित्रं जगभर फिरली. त्या ऑगस्टमध्ये डेलनं सोनीच्या सेलच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या; सेलमध्ये शिरलेल्या धातूच्या कणांमुळे आतल्या आत शॉर्टसर्किट होत होतं. पुढच्याच वर्षी जपानी उद्योगसंघटनांनी चार्जिंगसाठी तापमानानुसार मर्यादा आखून दिल्या. आज साधारण ० ते ४५ अंश हा नेहमीच्या चार्जिंगचा पट्टा मानतात. त्याच्या पुढे चार्जिंग मंद करायचं किंवा थांबवायचं. दुपारी लॅपटॉप चार्जच होईना म्हणून चार्जर बदलायला निघण्याआधी तासभर तो निवू द्यावा.

बॅटरीची प्रकृती पाहणं सोपं आहे. विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी' या हुकमाला 'बॅटरीरिपोर्ट' जोडला की एक अहवाल मिळतो: मूळ क्षमता किती होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती उरते. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. टेबलावरच काम करणाऱ्यानं ती चालू करून विसरून जावं. आणि टचपॅड वर उचललं गेलं, झाकण नीट मिटेना, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे असं समजावं. मग चार्जर काढायचा, यंत्र बंद करायचं, दाबायचं-टोचायचं नाही, आणि बॅटरी बदलून घ्यायची.

मांडीवरची शेगडी

काश्मीरमध्ये थंडीत फेरन या लांब झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसतात. वर्षानुवर्षं तिचा शेक लागलेल्या पोटावर, मांडीवर तांबूस-तपकिरी जाळीदार डाग पडतात, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. २०१०मध्ये बाझलच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या अर्नोल्ड आणि इटिन या डॉक्टरांनी 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात बारा वर्षांच्या एका मुलाची हकीकत मांडली. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो रोज काही तास खेळायचा. काही महिन्यांनी त्याच्या डाव्या मांडीवर तसलेच डाग उमटले. चटका बसत नाही म्हणून यंत्र सुरक्षित आहे, असं होत नाही. हार्वर्डमधल्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७मध्येच दाखवलं होतं, की ४४ अंशांची उष्ण वस्तू सुमारे सहा तास लागून राहिली तर कातडी भाजते, आणि तापमान अंशाअंशानं वाढेल तसा हा वेळ झपाट्यानं कमी होतो. लॅपटॉपच्या बुडाला पन्नाशी गाठणं अवघड नाही. खाली एक लाकडी पाट घेतला तरी माणूस आणि हवा आत घेणारी जाळी, दोघांचंही भलं होतं.

आकडे कुठे पाहायचे

विंडोजचा टास्क मॅनेजर स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं दाखवत नाही. त्यासाठी 'एचडब्ल्यूइन्फो' किंवा 'कोअर टेम्प' यांसारखं ॲप लागतं, आणि ते मूळ निर्मात्याच्याच जागेवरून घ्यावं, कारण असली ॲपं यंत्राच्या खोलवर हात घालतात. लिनक्सवर 'सेन्सर्स' हा हुकूम पुरतो; तिथली मूळ फाइल उघडली तर ४७००० असा आकडा पाहून दचकू नये, तो अंशाच्या हजारांशात असतो.

'एचडब्ल्यूइन्फो' उघडलं की शंभरेक ओळी अंगावर येतात. त्यांतल्या चारच पाहाव्यात: प्रोसेसरचं तापमान, त्याचा वेग, तो खात असलेले वॅट आणि 'थर्मल थ्रॉटलिंग'समोरचं हो किंवा नाही. एसएसडीची ओळ जमल्यास पाचवी. तिची मर्यादा साधारण ७० अंशांची असते. एखादी ओळ सकाळ, दुपार, रात्र २७.८ अंशच दाखवत असेल, तर तिच्या मागे खरा तापमापक नाही. फर्मवेअरमध्ये भरून ठेवलेला तो ठरावीक आकडा आहे. अशा ओळीवर विसंबू नये.

मापन एकट्या आकड्यानं होत नाही, तुलनेनं होतं. लॅपटॉप दहा मिनिटं रिकामा ठेवून आकडा टिपावा. मग नेहमीचं सगळ्यांत जड काम वीस मिनिटं चालवून पुन्हा टिपावा. शेजारी खोलीचं तापमान आणि तारीख लिहावी. सहा महिन्यांनी तेवढ्याच उष्ण खोलीत तेच काम दहा-बारा अंशांनी जास्त तापू लागलं, तर ती चिंधी तयार झाली आहे किंवा पेस्ट वाळली आहे. रिकाम्या बसलेल्या लॅपटॉपचे ४० ते ५५, रोजच्या कामात ६० ते ८० आणि जड कामात ८५च्या पुढे, हे सगळं सामान्य. पण काहीही न करता ८५ असतील तर मात्र शोध घ्यावा. आधी टास्क मॅनेजरमध्ये कोण प्रोसेसर खातंय ते पाहावं.

एक लक्षण भल्याभल्यांना चकवतं. चिप ५० अंशांवर, पंखा शांत, तरी लॅपटॉप गोगलगाय झालेला आणि वेग ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झला चिकटलेला. अशा वेळी चिपला दुसऱ्याच कोणीतरी आवरून धरलेलं असतं: वीजपुरवठ्याचे तापलेले भाग, किंवा यंत्राला ओळखू न आलेला बाहेरचा चार्जर. चार्जर काढून पाहिला आणि वेग परत आला, की चोर सापडला.

मे महिन्याची बेरीज

एवढं सगळं नीट केलं तरी एक आकडा यंत्राच्या बाहेर उरतो, आणि आपल्याकडे तोच सगळ्यांत मोठा. पंखा लॅपटॉपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर किती अंश, एवढंच त्याच्या हातात असतं. समजा, एखाद्या लॅपटॉपची रचना अशी आहे की दर वॅटमागे चिप खोलीपेक्षा ३ अंश वर जाते. मग १५ वॅटच्या कामाला ती ४५ अंश वर असणार. खोली २५ असेल तर चिप ७०. खोली ४३ असेल तर ८८. यंत्र तेच, काम तेच, धूळ नाही, पेस्ट ताजी. बॅटरीचं तर आणखी कठीण. ४३ अंशांच्या खोलीत तिला ४५च्या खाली राहायला जागाच उरत नाही.

ॲपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंशांच्या वातावरणात वापरायला सांगते, आणि इतर अनेक कंपन्यांच्या तपशीलपत्रकांतही वरची मर्यादा ३५च असते. नागपूर, अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ ओलांडतो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३५ ही केवळ इच्छा असते. कागदानुसार चालायचं तर तिथला विद्यार्थी आणि तलाठी दोघांनीही दुपारी लॅपटॉप उघडायलाच नको. ते शक्य नाही, म्हणून हिशेब आपणच करायचा. चार्जिंग आणि जड काम पहाटेवर ढकलायचं, जशी तिथली शाळाही उन्हाळ्यात सकाळची होते. दुपारी विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के करायची; ती सोय दिसत असेल तर या एका टक्क्यानं टर्बो, म्हणजे थोडा वेळ जास्त वेग घ्यायची मुभा, बंद होतो, वेग थोडा जातो आणि जड कामात दहा-पंधरा अंश सहज उतरतात. कूलरच्या गारव्यात बसावं, पण लॅपटॉप त्याच्या थेट झोतात ठेवू नये. पाण्याचे तुषार आणि ओली धूळ आत गेलेली बरी नाही. बंद मोटारीत तर तो दुपारी सोडूच नये, आतलं तापमान साठीकडे जाऊ शकतं.

आणि नवा घेताना एक बेरीज दुकानात उभ्या उभ्या करता येते. परीक्षणांतले तापमानाचे आकडे बहुधा गार खोलीतले असतात. त्यांत आपल्या गावच्या मे महिन्याचे पंधरा-वीस अंश मिळवा. बेरीज शंभरच्या आत राहिली तर तो लॅपटॉप आपल्याकडे पूर्ण वेगानं चालेल. बाहेर गेली तर चिप जळणार नाही, ती फक्त मंदावेल. मग जास्त वेगासाठी मोजलेले वरचे पैसे उन्हाळाभर फुकट जातील. त्या पैशांत एक पायरी खालची चिप आणि जाड, हवा खेळती ठेवणारा सांगाडा घेतलेला परवडतो.